गार्डन डिझायनरला वेगळी फी द्यावी का? लोणी काळभोरच्या आमच्या बागेचा रिव्ह्यू

रेटिंग आधीच देऊन टाकते, 5 पैकी 4. डिझाईनला पूर्ण 5, काम करून घेण्याला 3, नंतरच्या सर्व्हिसला जेमतेम अडीच, आता याची सरासरी 4 येत नाही हे मलाही कळतंय पण डिझाईन इतकं चांगलं झालंय की बाकीचं पोटात घातलं. डिझायनरच्या स्टुडिओचं नाव इथे टाकत नाहीये, कारण खाली तक्रारीपण लिहिल्यात आणि लोक तेवढ्याच वाचून शिक्का मारून मोकळे होतात. आणि तसंही मला जास्त लिहायचंय ते गार्डन डिझायनर लोकांना नेमकं काय येत असावं लागतं त्याबद्दल, कारण "झाडं लावायची त्यात डिझाईन कसलं" हे वाक्य मी आमच्याच घरात इतक्यांदा ऐकलंय की आता त्याचं सविस्तर उत्तर लिहूनच ठेवावं म्हटलं.

तर जागा अशी. लोणी काळभोरच्या बाजूला साडेचार गुंठ्याचा प्लॉट, त्यात 1400 फुटाचा स्लॅब, घराची उंची 22 फूट, उरलेल्या साडेतीन हजार फुटांत पार्किंग, बोअर, सेप्टिक टँक आणि राहील ती बाग. घरात सासूबाई, त्यांना पूजेची फुलं हवीत. एक कुत्रा आहे आणि सुट्टीत येणारी भाचरं. बोअरचं पाणी जड, टीडीएस मीटरवर 1100 च्या वर, गीझरच्या कॉईलवर पांढरा थर बसतो तेच पाणी.

पहिलं कोटेशन एका नर्सरीवाल्यांकडून घेतलं होतं. नर्सऱ्यांना आमच्याकडे तोटा नाही, सोरतापवाडी उरुळी कांचनपर्यंत हायवेला नुसत्या रांगा आहेत. ते आले, एक चक्कर मारली आणि चहा संपायच्या आत प्लॅन तयार! पुढे मागे सगळीकडे मेक्सिकन लॉन, कंपाउंडला चिकटून फायकस, बारा अरेका पाम, कोपऱ्यात फायबरचा धबधबा, आणि पश्चिमेला सावलीसाठी बहावा. "ताई, पंधरा दिवसांत हिरवंगार करून देतो." डिझाईन फ्री. माणूस लबाड नव्हता हां, त्याचा धंदाच झाडं विकायचा आहे, त्याने झाडं विकली. पण त्याने एकही प्रश्न विचारला नाही. माती हातात घेतली नाही, पाणी कुठलं ते नाही, घरात कोण कोण आहे तेही नाही.

मग मैत्रिणीच्या ओळखीने या डिझायनर मॅडम आल्या. फी 60 हजार, फक्त डिझाईनची, झाडं दगड मजुरी सगळं वेगळं. आमच्या ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "कागदावर गोल काढायचे साठ हजार?" यावर घरात चांगलीच वादावादी झाली, शेवटी सासूबाईंनीच निकाल दिला की घराला आर्किटेक्ट लागतो तर अंगणाला का नको, आणि विषय संपला.

पहिल्या व्हिजिटला त्यांनी झाडाचं नावसुद्धा काढलं नाही. मूठभर माती घेतली, पाणी लावून मळली, गोळा केला आणि अंगठा आणि बोटाच्या मध्ये दाबत दाबत त्याची पट्टी काढली. पट्टी दोन इंचाच्या पुढे गेली तरी तुटेना. म्हणाल्या, भारी काळी माती, चिकणमातीचं प्रमाण खूप. मग माळीकाकांकडून एक फूट खोल खड्डा काढून घेतला, पाण्याने भरला, ते पाणी जिरू दिलं, परत भरला आणि त्यात खुणा केलेली काठी उभी केली. तासाभराने बघितलं तर पाणी अर्धा इंचसुद्धा उतरलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी खड्ड्यात पाणी तसंच, काका म्हणतात वहिनी यात मासे सोडू का. आम्हाला हसू आलं पण अख्ख्या बागेचा निकाल त्या खड्ड्यात लागला होता. पाणीच जिरत नसेल तर पावसाळ्यात मुळं कुजणार, आणि नर्सरीतून आणलेलं झाड तुम्ही कितीही शेणखत घालून लावा, तो खड्डा म्हणजे पाण्याची टाकीच होणार.

मातीत चुनखडीचे पांढरे गोटेपण होते, त्यावर ॲसिडचे दोन थेंब टाकले तर फसफसलं. लॅबमधून पीएच आला 8.3, म्हणजे माती अल्कधर्मी. याचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता, सासूबाईंच्या अनंताच्या झाडामुळे कळला. त्यांना माहेरी होता तसा अनंत अंगणात हवाच होता. मॅडम म्हणाल्या, या मातीत लावला तर पानं पिवळी पडतील आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतील, कारण जमिनीत लोह असलं तरी चुन्यामुळे झाडाला ते उचलता येत नाही. एक्झोऱ्याचंही तेच. मला हे ऐकून एकदम आमच्या आधीच्या सोसायटीतला एक्झोऱ्याचा हेज डोळ्यासमोर आला, कायम पिवळा, आणि माळी बिचारा वर्षानुवर्षं त्याला युरिया घालतोय! अनंत शेवटी लाल माती आणि कुजलेल्या पाल्याच्या वेगळ्या मोठ्या कुंडीत गेला आणि त्याला साठवलेलं पावसाचं पाणी द्यायचं ठरलं, बोअरचं नाही. मस्त चाललाय.

आता ऊन. हा भाग मला सगळ्यात भारी वाटला. आपण सरसकट समजतो की उत्तरेला सावली आणि दक्षिणेला ऊन. पण पुणं 18.5 अंशांवर आहे, म्हणजे मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, तेव्हा उत्तरेच्या भिंतीला मेमध्ये चक्क ऊन लागतं. आणि डिसेंबरात उलटं, सूर्य दुपारी 12 ला पण जेमतेम 48 अंश वर येतो, मग 22 फूट उंच घराची सावली उत्तरेकडे जवळपास 20 फूट पडते. आमचं उत्तरेचं अंगण 18 फूट रुंद. म्हणजे लॉनसाठी सगळ्यांनी दाखवलेली जागा अख्खा डिसेंबर सावलीत, मे महिन्यात भाजून निघणार. लॉनला रोजचं पाच सहा तास तरी ऊन लागतं, तिथे हिवाळ्यात ती विरळ झाली असती आणि आम्ही माळ्याला बोल लावत बसलो असतो. हे त्यांनी कागदावर काढून दाखवलं, जून आणि डिसेंबरच्या सावल्या वेगवेगळ्या रंगात. त्यात वास्तूप्रमाणे सासूबाईंना तुळस ईशान्येला हवी होती, तर वृंदावन ईशान्येलाच ठेवलं पण घराच्या रेषेच्या पुढे सरकवलं, म्हणजे डिसेंबरातही सकाळचं ऊन मिळतं. दोघींचंही समाधान.

आणि तो पश्चिमेचा बहावा. बहावा मला स्वतःला प्रचंड आवडतो, एप्रिल मेमध्ये पिवळे घोस लागले की गाडी थांबवून बघते मी. पण सावलीसाठी पश्चिमेला बहावा म्हणजे ऐन मार्च एप्रिलमध्ये झाडावर पान नाही आणि बेडरूमची भिंत तापतेय. झाड कुठलं लावायचं याच्याइतकंच ते कुठल्या महिन्यात उघडं असतं हे माहीत असायला हवं, आणि हे गुगलवर फोटो बघून कळत नाही. तिथे बकुळ घेतली, बारा महिने हिरवी, पण वाढायला सावकाश, म्हणून तोपर्यंत लोखंडी मांडवावर मधुमालती. बहावा गेटजवळ आलाय, शोभेला. सोनचाफा उंचवटा करून त्यावर लावला कारण पाणी साचलं की तो जातो. फायकस तर त्यांनी पहिल्याच मिनिटाला खोडला, त्याची मुळं भिंती फोडतात, सेप्टिक टँक आणि कंपाउंडपासून 3 फुटांवर फायकस लावायला सांगणाऱ्याला मॅडमनी जो शब्द वापरला तो इथे लिहीत नाही. पिवळी कण्हेर पण बाद, बिया विषारी आणि घरात लहान मुलं येतात. शेजारच्या प्लॉटवर कोनोकार्पसच्या झाडांची भिंतच उभी केलीय, हिरवीगार दिसते, पण गुजरात सरकारने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली ती उगाच नाही.

लेव्हलचं काम तर मला वाटलं होतं बांधकामवाल्याचं असतं. गवंडी घेऊन आला पाण्याची लेव्हल ट्यूब, एक टोक घराच्या प्लिंथला (जोत्याला), दुसरं टोक धरून काका कोपऱ्या कोपऱ्यात फिरतायत, मॅडम प्रत्येक ठिकाणी आकडा लिहितायत. मागचा आग्नेय कोपरा 9 इंच खाली निघाला. नर्सरीवाल्याच्या प्लॅनमध्ये तिथेच धबधबा होता! बाकी कुणीही तिथे चार ट्रॅक्टर माती टाकून सपाट केलं असतं, मॅडमनी उलट केलं, सगळ्या अंगणाचा उतार हळूहळू तिकडेच नेला, तिथे खोलगट चर काढून तळाशी दगडगोटे आणि कर्दळ, वेखंड, वाळा लावला. वाळा पावसाळ्यात पाण्यात उभा राहतो आणि उन्हाळ्यात कोरडाही तग धरतो. छतावरचं पाणी आधी टाकीत आणि टाकी भरली की या चरात. हिशोब असा की छत 130 चौरस मीटर, वर्षाचा पाऊस फक्त 500 मिमी धरला तरी 65 हजार लिटर पडतं, वाया जाणारं सोडलं तरी 50 हजारांच्या पुढे. एवढं पाणी आपण गटारात सोडतो आणि मेमध्ये टँकर मागवतो.

त्याच हिशोबाने लॉन कापली. उन्हाळ्यात लॉनला रोज 5 ते 6 मिमी पाणी लागतं, एका मिमीला एका चौरस मीटरवर एक लिटर. म्हणजे हजार फुटांच्या लॉनला रोज पाचशे लिटरच्या आसपास. आमचे हे तेव्हा पहिल्यांदा कागदाकडे वाकून बघायला लागले. शेवटी लॉन राहिली अडीचशे फूट, पूर्वेला, जिथे ती जगते तिथेच. बाकी ड्रिप. ड्रिपमध्येही खाचाखोचा आहेत, काळ्या मातीत पाणी आडवं पसरतं आणि मुरमात सरळ खाली जातं, त्यामुळे आमच्याकडे तासाला 4 लिटरचे ड्रीपर लांब लांब पुरतात, मुरमाड जागेत जवळ जवळ लावावे लागतील. लॉन, झुडपं आणि कुंड्या यांचे व्हॉल्व्ह वेगळे. आणि जड पाण्याने ड्रीपर बंद पडतात म्हणून फिल्टर आणि लाईनच्या टोकाला धुवायची सोय. ही सोय नसलेली ड्रिप माझ्या भावाकडे आहे, ती आता फक्त बघायला आहे.

भावावरून आठवलं. त्याने फ्लॅटच्या टेरेसवर लॉन करायची म्हणून मॅडमना फोन केला, तर त्यांनी साफ सांगितलं की स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या कागदाशिवाय मी पेन्सिल उचलणार नाही. एक फूट ओली माती म्हणजे चौरस मीटरला 500 किलो किंवा जास्त, आणि वावर असलेली साधी गच्ची डिझाईन करताना वरचा भार धरतात 150 किलोच्या आसपास. तो चिडला, म्हणाला दुसरे करून देतायत. देत असतील! जी बाई 'नाही' म्हणून येणारी फी सोडते तिच्यावर माझा विश्वास जास्त बसला.

आता तक्रारी.

पहिली, काम करून घेणं. फरशीच्या वाटेखाली काळी माती दीड दोन फूट काढून त्यात मुरूम थराथराने टाकायचा, प्रत्येक थराला पाणी मारून धुम्मस करायची, म्हणजे ठोकून दाबायचं, असं ड्रॉईंगवर स्पष्ट लिहिलं होतं. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर डायरेक्ट शहाबाद फरशी टाकली तर वर्षात खडखडते. मॅडमनी दिलेल्या कॉन्ट्रॅक्टरने एका कोपऱ्यात हे थर गाळले, मुरूम एकदाच ओतला आणि वरून फरशी. पहिल्या पावसात तो कोपरा बसला. त्यांनी विनाखर्च परत करून दिलं हे मान्य, पण गणपती होऊन दिवाळी तोंडावर आली तेव्हा. ड्रॉईंग इतकं काटेकोर काढता तर मुरूम पडत असताना साईटवर उभं राहायला नको? फीमध्ये मोजक्याच साईट व्हिजिट होत्या, जास्तीच्या व्हिजिटला वेगळे पैसे, आणि हे ॲग्रीमेंटमध्ये बारीक अक्षरात. सगळ्यात महत्त्वाची व्हिजिट नेमकी वगळलेली.

दुसरी, झाडांची यादी. सगळी शास्त्रीय नावं. त्यांचं बरोबर आहे, नुसतं चाफा लिहिलं तर नर्सरीवाला काहीही देईल. पण शेजारी मराठी नाव लिहायला काय झालं होतं, माळीकाका यादी उलटी सुलटी करून बघतायत आणि मी मोबाईलवर एकेक शोधतेय. त्यातली काही देशी झाडं जवळच्या नर्सऱ्यांत मिळालीच नाहीत, तर कॉन्ट्रॅक्टरने न विचारता दुसरं आणून लावलं. दोन झाडं मी परत पाठवली. आपल्या भागात काय मिळतं, किती मोठं मिळतं, कुठल्या महिन्यात मिळतं हे माहीत असणं हा पण याच कामाचा भाग आहे ना.

तिसरी, रोगकिडीचं ज्ञान. जास्वंदीवर मिलीबग (पिठ्या ढेकूण) आला तेव्हा फोटो पाठवला, उत्तर आलं चार दिवसांनी आणि तेही "नीम ऑईल मारा" एवढंच. काकांनी आधीच मुंग्यांचा बंदोबस्त केला होता, कारण मुंग्या मिलीबगचं राखण करतात, त्या हटवल्याशिवाय फवारून काही उपयोग नाही. इथे माझा स्पष्ट कौल काकांना. मॅडम मूळच्या आर्किटेक्ट, नंतर लँडस्केपचं शिक्षण, त्यामुळे उतार सावली दगड यात हात धरणारं कुणी नाही, पण रोजच्या जिवंत झाडाची नाडी काकांना जास्त कळते. उलट शेतकी कॉलेजमधून हॉर्टिकल्चर केलेल्या डिझायनरकडे गेलात तर झाडं उत्तम पण लेव्हल आणि ड्रेनेजला कुणीतरी वेगळं बघावं लागेल. दोन्ही एकाच माणसात क्वचित.

आणि हो, बाग पहिल्या वर्षी केविलवाणी दिसते. झाडं पूर्ण वाढल्यावर जेवढी पसरतील तेवढे गोल कागदावर काढून त्या अंतराने लावली, त्यामुळे मध्ये सगळी माती. वास्तुशांतीला आलेल्या प्रत्येकाने विचारलं, बागेचं काम कधी सुरू होणार! मधल्या जागेत झेंडू, अबोली, भुईमूग काहीतरी लावून द्यायला हवं होतं, ते आम्हीच केलं. मेन्टेनन्सचं वेळापत्रक, म्हणजे छाटणी कधी, खत कधी, ड्रिप किती वेळ, ते फीमध्ये कबूल होतं आणि तीनदा मागितल्यावर आलं. आलं ते छान होतं, काकांनी मोटारीच्या खोलीत चिकटवलंय.

कुणी शोधत असेल तर एक लक्षात घ्या, आर्किटेक्ट म्हणवून घ्यायला 1972 च्या कायद्याने रजिस्ट्रेशन लागतं, लँडस्केप किंवा गार्डन डिझायनर म्हणवून घ्यायला तसलं काही लागत नाही. उद्या मी पण बोर्ड लावू शकते. इसोला नावाची लँडस्केप आर्किटेक्टची संस्था आहे, पुण्यात बीएनसीए कॉलेजला, अहमदाबादला सेप्ट विद्यापीठात, दिल्लीला एसपीए (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) मध्ये याचं पदव्युत्तर शिक्षण आहे, ते विचारून घ्या. पण त्याहून सोपं म्हणजे त्यांनी केलेली तीन चार वर्षं जुनी बाग दाखवा म्हणायचं. नवीन बागेचे फोटो सगळ्यांचेच सुंदर असतात. आणि जुलैमध्ये जाऊन बघा, पाणी कुठे साचतं ते दिसतं.

खर्च विचारणाऱ्यांसाठी, डिझाईन 60 हजार, जास्तीच्या व्हिजिट धरून 72 पर्यंत गेलं. नर्सरीवाल्याचं फ्री डिझाईनवालं कोटेशन एकूण पावणेचार लाखाचं होतं, आमचा सगळा खर्च फी धरून साडेचारच्या आसपास, त्यात पावसाच्या पाण्याची टाकी आली आणि धबधबा गेला. त्यांचं वर्षाचं मेन्टेनन्स पॅकेज मी घेतलेलं नाही, काका आहेत. छोटी जागा असेल, नुसती बाल्कनी किंवा दहा बारा कुंड्या, तर एवढी फी देऊ नका, तासाच्या हिशोबाने सल्ला देतात तेवढा पुरे. बंगला बांधत असाल तर मात्र प्लिंथ झाल्या झाल्या बोलवा, आम्ही रंगकाम चालू असताना बोलावलं आणि ड्रिपचा मेन पाईप न्यायला पार्किंगचे नवे पेव्हर परत उचकटावे लागले.